क्रुगर नॅशनल पार्क: स्वतः गाडी चालवत सफारी करायची असेल तर

क्रुगरमध्ये फिरायला जिप्सी लागत नाही आणि गाइडही लागत नाही. भाड्याची साधी हॅचबॅक गेटवर न्यायची, फी भरायची आणि दिवसभर आपल्या मर्जीने जंगलात हिंडायचं. ताडोबा-पेंचच्या ठरलेल्या वेळेच्या सफारीला सरावलेल्या माणसाला ही मोकळीक सुरुवातीला जरा अवघडच जाते. रस्ता कोणता घ्यायचा, कुठे थांबायचं, कधी परतायचं, सगळं आपणच ठरवायचं असतं. या लेखात ते ठरवायला लागणारी माहिती आहे.

हे उद्यान दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, मोझांबिकच्या सीमेला लागून आहे. १८९८ साली इथे साबी गेम रिझर्व्ह झालं आणि १९२६ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. लांबी सुमारे ३६० किलोमीटर, सरासरी रुंदी ६५ किलोमीटर, क्षेत्रफळ १९,००० चौरस किलोमीटरहून जास्त. ताडोबा-अंधारीचं कोअर आणि बफर मिळून जेवढं होतं, त्याच्या दहापटीहून मोठं. त्यामुळे ‘आख्खं क्रुगर बघू’ हा विचार घरीच सोडून निघा. आठवडाभराची सुट्टी असेल तर दक्षिणेचा आणि मधला भाग नीट होतो.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हिवाळा. गवत वाळून बसतं, झुडपांची पानं झडतात, लहान पाणवठे आटतात आणि जनावरं नद्या व उरलेल्या तळ्यांवर गोळा होतात. प्राणी दिसायला हाच काळ उत्तम. सकाळी पारा दहाच्या खाली जातो, दुपारी पंचविशीच्या आसपास असतो. मलेरियाचा धोकाही या दिवसांत सर्वांत कमी.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जमतं, पण तेव्हा गवत अजून पुरतं खाली आलेलं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं झालं तर ऑक्टोबर हा कोरड्या ऋतूचा शेवट असतो. उकाडा कडक, पण पाणवठ्यांवर जनावरांची गर्दीही तितकीच. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर पहिले पाऊस सुरू झालेले असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात इम्पाला या हरणासारख्या प्राण्याची पिल्लं जन्मतात, स्थलांतरित पक्षी येतात, रान हिरवंगार होतं आणि त्याच हिरवाईत सिंह दहा फुटांवर असला तरी दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या जोरदार पावसात सखल पूल आणि मातीचे रस्ते बंद होतात, हेही लक्षात घ्या.

आधी कॅम्प, मग विमान

बहुतेक लोक स्वस्त तिकीट बघून तारखा ठरवतात आणि मग कॅम्पमध्ये, म्हणजे उद्यानातल्या कुंपण घातलेल्या मुक्कामाच्या ठिकाणी, जागा शोधतात. इथे उलटं करा. सॅनपार्क्स या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर साधारण ११ महिने आधी बुकिंग उघडतं. लोअर साबी आणि सातारा हे कॅम्प सर्वांत आधी भरतात, दक्षिण आफ्रिकेच्या शाळांना सुट्ट्या असताना तर हमखास. (सातारा ऑनलाइन नकाशात शोधताना देशाचं नावही टाका, नाहीतर नकाशा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी नेऊन सोडेल.)

उद्यानाबाहेर हॉटेल घेऊन रोज आत-बाहेर करणं स्वस्त वाटतं, पण त्यात दिवसाचे सर्वांत चांगले तास हातचे जातात. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पचं फाटक पहाटे साडेचारला उघडतं, उद्यानाची बाहेरची गेट्स मात्र साडेपाचला. शिवाय बाहेरून येणाऱ्याची गेटवर रांग असते. आत राहणाऱ्याला फाटक उघडताक्षणी मोकळा रस्ता मिळतो.

खोली निवडताना वर्णन नीट वाचा. काही झोपड्यांना सामाईक न्हाणीघर असतं, काहींत स्वयंपाकघर असतं पण भांडी नसतात. शाकाहारी कुटुंबाने ओटा, फ्रिज आणि भांडी तिन्ही आहेत ना, हे पाहूनच पैसे भरावेत. कुंपणालगतची खोली मिळाली तर जरूर घ्या. रात्री तरस कुंपणाच्या पलीकडून फेऱ्या मारतात आणि व्हरांड्यात बसल्या-बसल्या दिसतात.

खोलीच्या भाड्याशिवाय दर माणशी, दर दिवसाची वेगळी संवर्धन फी असते. परदेशी पाहुण्यांसाठी ती बरीच जास्त आहे, चौघांच्या कुटुंबाला तर खोलीइतकीच जड वाटू शकते. वाइल्ड कार्ड नावाचा वर्षभराचा पास मिळतो. मुक्काम आठवड्याच्या आसपास किंवा जास्त असेल तर दोन्हींचा हिशेब मांडून बघा, कुटुंबाच्या पासात अनेकदा पैसे वाचतात.

कागदपत्रं, लस, गोळ्या

व्हिसासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत आणि परतीच्या तारखेनंतर निदान ३० दिवस तो वैध हवा. मुलं सोबत असतील तर आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला घ्या. दोघांपैकी एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही ठेवा.

पिवळ्या तापाच्या लशीवरून बरेच जण फसतात. दक्षिण आफ्रिका या आजाराच्या पट्ट्यात येत नाही, त्यामुळे लस लागणार नाही असं वाटतं. पण विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर तुम्ही त्या पट्ट्यातून प्रवास केलेला असतो. तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. भारतात परतताना विमानतळावरचे आरोग्य अधिकारीही विचारू शकतात, आणि प्रमाणपत्र नसलेल्याला विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, पुढे ते आयुष्यभर चालतं. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस घेतात, डॉक्सिसायक्लिन मात्र परतल्यावर ४ आठवडे. लोक घरी आले की गोळ्या सोडतात आणि तिथेच घोटाळा होतो. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘आफ्रिकेत जाऊन आलो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

गाडी

जोहान्सबर्गहून दक्षिणेच्या गेट्सपर्यंत एन ४ महामार्गाने ४०० ते ४६० किलोमीटर, म्हणजे पाच-साडेपाच तास. रात्रभराचा विमानप्रवास करून थेट स्टेअरिंगवर बसू नका. पहिली रात्र विमानतळाजवळ काढा, पहाटे सहाला निघा, दुपारी बारापर्यंत गेट गाठा. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असल्याने आपल्याला सोपं जातं. नवा वाटेल तो चार बाजूंनी थांबा असलेला चौक. तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो, आणि हा नियम लोक खरंच पाळतात. अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी चालवणं टाळा.

फोटो असलेलं इंग्रजी मजकुराचं भारतीय लायसन्स चालतं, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, कारण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तो मागितला जाऊ शकतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर लागतं. त्यावर मोठी अनामत रक्कम अडकवली जाते, म्हणून परदेशी व्यवहार आणि मर्यादा आधीच चालू करून ठेवा. पत्नीच्या नावाचं कार्ड आणि पतीच्या नावाचं बुकिंग, एवढ्यावरून लोकांच्या गाड्या अडकल्या आहेत.

फोर बाय फोरची गरज नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि मातीचे रस्तेही कोरड्या दिवसांत साध्या गाडीला झेपतात. पैसे टाकायचेच असतील तर उंच सीटच्या गाडीवर टाका. डोळे फूटभर वर गेले की गवताच्या पलीकडचं दिसतं. विम्यात टायर आणि काचेचा समावेश करून घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना स्टेपनी व जॅक डोळ्यांनी बघा.

तासांचं गणित

आत वेगाची मर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर आणि मातीच्या रस्त्यावर ४०. रडार घेऊन पोलीस उभे असतात आणि दंड होतो. पण प्राणी बघत जायचं तर सरासरी ताशी २५ च्या वर जातच नाही, आणि सगळी आखणी याच आकड्यावर करा. स्कुकुझा ते लोअर साबी हे अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर, म्हणजे दोन तास. स्कुकुझा ते सातारा नव्वदीच्या थोडं वर, म्हणजे चार तास. वाटेत सिंह भेटले तर पाच.

फाटक बंद व्हायची वेळ महिन्यानुसार बदलते. मे ते जुलै संध्याकाळी साडेपाच, नोव्हेंबर ते जानेवारी साडेसहा. उशीर झाला तर दंड. लोक उशीर करतात तो नेहमी एकाच कारणाने. शेवटच्या तासात कॅम्पपासून लांब असतात, नेमका तेव्हाच बिबट्या दिसतो आणि मग पाय निघत नाही. म्हणून संध्याकाळची फेरी कॅम्पपासून १५ किलोमीटरच्या आतच ठेवा, बिबट्याजवळ निवांत थांबता येतं.

सहा रात्रींसाठी ही आखणी उत्तम जमते: क्रोकोडाइल ब्रिज गेटने आत शिरून लोअर साबीला दोन रात्री, मग साताऱ्याला दोन, मग स्कुकुझाला दोन, आणि फाबेनी किंवा पॉल क्रुगर गेटने बाहेर. रोज कॅम्प बदलला की सकाळी दहाला खोली सोडायची आणि दुपारी दोनला नवी मिळायची, यातच दिवस मोडतो.

हे तीन कॅम्प निवडण्यामागे कारण आहे. साताऱ्याभोवतालची जमीन बेसॉल्टची आहे, त्यावर पौष्टिक गवत येतं, गवतावर झेब्रे आणि विल्डबीस्ट जगतात आणि त्यांच्या मागे सिंह. साताऱ्याहून पूर्वेला जाणारा एस १०० हा मातीचा रस्ता त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सकाळी तिकडे जाताना ऊन थेट डोळ्यांवर येतं, तेव्हा काच आतून-बाहेरून आदल्या रात्रीच पुसून ठेवा. स्कुकुझाजवळ ग्रॅनाइटचे खडक आणि नदीकाठची दाट झाडी, हा बिबट्याचा मुलूख. स्कुकुझा ते लोअर साबी हा एच ४-१ रस्ता साबी नदीच्या कडेने जातो. गर्दीचा आहे, पण त्या गर्दीला कारण आहे. ओलिफांट्स नदीच्या उत्तरेला मोपाने नावाच्या झाडांचं रान सुरू होतं. तिथे हत्ती भरपूर, शांतता भरपूर, मांसभक्षक कमी. पक्षी बघणाऱ्यांनी आणि दुसऱ्यांदा येणाऱ्यांनी तिकडे जावं.

दिवस कसा लावायचा

फाटक उघडायच्या दहा मिनिटं आधी रांगेत गाडी लावा. पहाटे डांबरी रस्ता मातीपेक्षा उबदार असतो, त्यामुळे सिंह आणि तरस रस्त्यावरच पसरलेले किंवा चालताना दिसतात. पहिले तीन तास सोन्याचे. नऊ-साडेनऊला पिकनिक स्पॉट गाठून नाश्ता करा. एन्कुहलू, त्शोक्वाने, अफसाल अशा ठिकाणी गाडीतून उतरता येतं आणि स्वच्छतागृह असतं. एरवी गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे, खिडकीबाहेर अंग काढायलाही. मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर दिवसाचा मार्ग प्राण्यांपेक्षा स्वच्छतागृहांवरून आखा. दर दोन तासांनी एक थांबा यायलाच हवा.

दुपारी अकरा ते तीन फिरण्यात फारसा अर्थ नाही. एकतर कॅम्पवर झोपा, नाहीतर पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसा. लोअर साबीला लागूनच सनसेट डॅम आहे. पहिली दहा मिनिटं तिथे काहीच घडत नाही असं वाटतं. मग पाण्यातला खडक श्वास सोडतो आणि तो पाणघोडा निघतो. काठावरचं लाकूड जबडा उघडतं, ती मगर. इम्पालांचा कळप पाण्याजवळ येतो, मागे जातो, पुन्हा येतो, आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला वळले की तुम्हीही तिकडे बघा. निदान चाळीस मिनिटं बसा. आलेल्या दहा गाड्यांपैकी आठ पाच मिनिटांत निघून जातात.

एक तरी फेरी उद्यानाच्या मोठ्या उघड्या गाडीतून करा, शक्यतो रात्रीची. रात्री आपली गाडी बाहेर काढता येत नाही आणि मांजरासारखा ठिपकेदार जेनेट, साळिंदर, शिकारीला निघालेला बिबट्या हे तेव्हाच दिसतात. दोन-तीन तासांची फेरी असते, सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. जून-जुलैत कानटोपी, मफलर आणि हातमोजे लागतातच. बंदूकधारी गाइडबरोबरच्या पायी फेरीत जास्तीत जास्त आठ जण असतात आणि वयाची अट बारा वर्षांची.

नजर कुठे ठेवायची

ताडोब्यात वानर आणि चितळाचा कॉल ऐकून वाघाचा माग काढतात, तेच इथे दुसऱ्या आवाजांवर करायचं. इम्पाला नाकातून फुर्र करतो, कुडू हा हरणासारखा मोठा प्राणी भुंकतो, व्हर्वेट माकडं झाडावरून खाली बघत किचकिचाट करतात. जिराफ मात्र आवाज करत नाही. तो चरणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर त्याच्या नजरेच्या रेषेत दुर्बीण फिरवा.

ताशी २० ते २५ वेगाने चला. झुडपाकडे बघू नका, झुडपाच्या आरपार बघा. नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या तपासा. बिबट्या दिसायच्या आधी बहुतेक वेळा त्याची खाली लोंबणारी शेपटी दिसते. सकाळी झाडावर बसलेल्या गिधाडांवरून निष्कर्ष काढू नका. हवा तापून वर चढेपर्यंत ती उडत नाहीत, म्हणून बसलेली असतात. दुपारी मात्र झाड गिधाडांनी भरलेलं असेल आणि काही जमिनीवर उतरत असतील तर जवळपास शिकार पडलेली असते.

समोरून येणारी गाडी हळू झाली की काच खाली करून विचारा, ‘काही दिसलं का?’ इथे तशी रीत आहे. कॅम्पमधल्या नकाशाच्या फळ्यावरही लोक खुणा लावतात. गेंडा दिसला तर मात्र जागा कुणाला सांगू नका आणि फोटो टाकताना ठिकाण टाकू नका, चोरटे शिकारी हीच माहिती शोधत असतात. शिंग कापलेला गेंडा दिसला तर दचकू नका. शिकार थांबावी म्हणून उद्यानानेच ते कापलेलं असतं.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, आणि शक्यतो प्रत्येकाला एक. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. खिडकीवर टेकवायला घरून रिकामी कापडी पिशवी न्या आणि वाटेत एम्बोम्बेलाच्या सुपरमार्केटात दोन किलो तांदूळ घेऊन त्यात भरा. शेवटच्या दोन दिवसांत त्याचीच खिचडी होते.

हत्ती

क्रुगरमध्ये गाडीवाल्यांना खरा धोका सिंहापासून नसतो, हत्तीपासून असतो. कळप रस्ता ओलांडत असेल तर ५० मीटर आधी थांबा, पिल्लू आणि आई यांच्यामध्ये कधीही शिरू नका. शेवटचा हत्ती गेला असं वाटलं तरी एक मिनिट थांबा, मागे राहिलेला हमखास असतो.

एकटा मोठा नर समोरून रस्त्याने येत असेल तर आधी त्याचं डोकं बघा. डोळा आणि कानाच्या मध्ये ओला काळपट ओघळ, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला सतत ठिबकणारं मूत्र आणि वर ताणलेली मान, म्हणजे तो मस्तीवर आहे. त्याला रस्ता हवा असतो आणि तो बाजूला होत नाही. इंजिन चालू ठेवा, १०० मीटरचं अंतर राखत हळूहळू मागे या, बाजूचा रस्ता मिळाला की वळा. हॉर्न वाजवू नका, इंजिन गुरगुरवू नका. आणि हत्ती बघत उभं राहताना मागे दुसरी गाडी चिकटलेली नाही ना, हे आरशात बघत राहा. अपघात होतात ते मागे जायला जागा न उरल्यामुळे.

पंक्चर झालं तर तिथेच उतरून चाक बदलायला लागू नका. मोकळ्या जागेपर्यंत हळू गाडी न्या आणि प्रवेशपत्रावरच्या किंवा नकाशावरच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. रेंज नसेल तर येणारी गाडी थांबवून कॅम्पला निरोप द्या. मोबाइलला रेंज कॅम्पच्या आसपासच असते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कॅम्पवरचं जेवणखाण

कॅम्पच्या दुकानात ब्रेड, दूध, अंडी, कोळसा, पाणी मिळतं. भाजीपाला आणि डाळी बाहेरूनच आणा. भारतातून मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या, बिया, मध नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. चिवडा, मेतकूट, पॅकबंद तयार भाज्या असं सीलबंद आणि छापील लेबलचं सामान न्या. मसाले-पीठ तिथेच घ्यायचं तर जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात भारतीय दुकानं आहेत.

भिंतीवर तीन जाड गोल पिनांचं सॉकेट असतं. त्यात आपल्याकडचा गिझरचा १६ अँपिअरचा प्लग बसतो. तसा प्लग असलेला एक एक्स्टेंशन बोर्ड घरून नेला की ॲडॉप्टर शोधत फिरावं लागत नाही.

व्हरांड्यातल्या फ्रिजला जाळी किंवा कडी असते, ती प्रत्येक वेळी लावा. दिवसा माकडं आणि बबून, रात्री हनी बॅजर हे उघडं दार बरोबर हेरतात. कुंपणाशी येणाऱ्या तरसाला हाड टाकण्याचा मोह आवरा. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या जनावराला शेवटी गोळी घालावी लागते.

बाहेर पडताना

प्रवेशाच्या वेळी मिळालेला कागद शेवटपर्यंत जपून ठेवा, गेटवर तो परत दाखवावा लागतो. लाळ्या-खुरकुत रोगाच्या नियंत्रणामुळे दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचं कच्चं मांस गेटबाहेर नेता येत नाही, तेव्हा शेवटच्या रात्री ते संपवा. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर सकाळची फेरी सोडा. गेटपासून जोहान्सबर्ग विमानतळापर्यंत साडेपाच तास, गाडी धुणं-परत देणं एक तास आणि चेक-इन तीन तास असा हिशेब लावला तर रात्री नऊच्या विमानासाठी सकाळी साडेअकरालाच गेट ओलांडलेलं असायला हवं.